ऐकलं, पण लिहिलं कुणी?

(ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झालेल्या तरुणांच्या बैठकीतील भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं, ‘अंडरग्राउंड संगीतावर बोला, पण लोकांना कळेल असं बोला.’ म्हणजे आधीच तंबी. तर सुरुवातीलाच सांगतो, मी संगीताचा जाणकार नाही. इंजिनिअरिंग केलं, दिवसभर कोड लिहितो, तेही इथून दोन रस्ते सोडून. रात्री मात्र कानाला हेडफोन लावतो आणि कुणीतरी घरच्या खोलीत बसून बनवलेलं, कुठल्याही कंपनीने न काढलेलं संगीत ऐकतो. आवडलं, खटकलं, डोक्यात अडकून राहिलं, तर त्यावर मराठीत पानभर लिहितो. पैसे मिळत नाहीत. बायकोने अजून ठरवलेलं नाही, हा छंद आहे की आजार.

अंडरग्राउंड म्हणजे काय, याची माझी व्याख्या सोपी आहे. ज्याचा बनवणारा, विकणारा आणि हमाल एकच माणूस असतो, ते अंडरग्राउंड. आणि प्रयोगशील म्हणजे ज्याला गाणं म्हणताना आपली जीभ अडखळते. मुखडा नाही, अंतरा नाही, कदाचित दहा मिनिटं नुसती घरघर. १९७६ साली इंग्लंडमध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ नावाच्या गटाने ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ हे लेबल काढलं आणि त्यावरून एका अख्ख्या संगीतप्रकाराला इंडस्ट्रियल हे नाव पडलं. वागळे इस्टेटमध्ये ज्यांच्या वडिलांनी लेथवर आयुष्य काढलं, त्यांना हे ऐकून हसू येईल. येऊ द्या.

आता एका रेकॉर्डची गोष्ट सांगतो, कारण मी लिहायला लागलो तो तिच्यामुळे. १९८२ साली एचएमव्हीने एक एलपी काढली, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वाजवणारे चरणजित सिंग. मुंबईचे, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत वाजवणारे, लग्नसमारंभांतही स्वतःचा बँड घेऊन जाणारे. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं वापरली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बासचं छोटं यंत्र. तबला नाही, तंबोरा नाही. भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग आणि खाली न थकणारा डिस्कोचा ठेका.

ही एलपी चालली नाही. तिकडे टीबी-३०३ सुद्धा चाललं नाही. बास वाजवणारा माणूस नसेल तर त्याच्या जागी वापरायला म्हणून ते काढलं होतं, आणि तीनेक वर्षांत कंपनीने बंद केलं. मग सेकंडहँड यंत्रं शिकागोच्या पोरांच्या हाती लागली आणि १९८७ मध्ये ‘फ्युचर’ या गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं. त्यातून ॲसिड हाउस नावाचा नाचाचा प्रकार जगभर पसरला. सिंग यांची एलपी त्याच्या पाच वर्षं आधीची. एडो बाऊमन नावाच्या डच संग्राहकाला ती दिल्लीत जुन्या रेकॉर्डमध्ये सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली. लोकांनी ऐकली तेव्हा काहींचा विश्वासच बसेना. एखाद्या युरोपियन संगीतकाराने केलेली ही थट्टा असणार, अशी शंकाही घेतली गेली. सिंग तेव्हा सत्तरीत होते. पुढे परदेशांत त्यांचे कार्यक्रम झाले. जुलै २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

अठ्ठावीस वर्षं! १९८२ मध्ये कुणी मराठीत अर्धं पान लिहिलं असतं तर रेकॉर्ड खपली असती, असा माझा दावा नाही. पण नंतर शोधणाऱ्याच्या हाती एक धागा लागला असता.

आणि पुढचा मुद्दा मला जास्त टोचतो. ती पुन्हा निघाल्यावर तिच्यावर भरपूर लिहून आलं, पण मी वाचलं त्यातलं बहुतेक सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं : ॲसिड हाउसचा खरा बाप हा की तो. जो आधी आला त्याला नंतर आलेल्याचा बाप ठरवायचं! रागांचं काय? टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे, पण त्या घसरणीला लागणारा वेळ ठरलेला असतो, अंतर लहान असो वा मोठं. आपल्याकडची मींड अशी नसते. ती कुठे रेंगाळायचं ते गाणारा ठरवतो. शिवाय कीबोर्डवर बारा ठरलेले सूर. तोडीचा गंधार मात्र त्या पट्टीच्याही खाली उतरलेला. मग चरणजित सिंग तिथे काय करतात? कुठे यंत्राला वळवतात, कुठे रागालाच थोडी मुरड घालतात? हे ऐकायला इथले कान लागतात. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबा रेडिओवर शास्त्रीय ऐकत असतील तर ते कान तुमच्याकडे आहेत. युरोपातल्या लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही. तो त्याच्या कानांनी ऐकणार. आपण लिहिलंच नाही.

खरं तर मराठीत ही परंपरा होती. केशवराव भोळे स्वतः संगीतकार, ‘प्रभात’च्या चित्रपटांचे संगीत दिग्दर्शक, आणि ‘एकलव्य’ या टोपणनावाने आपल्या काळच्या गायकांवर लिहायचे. गोविंदराव टेंबे अल्लादियाखाँसाहेबांबद्दल लिहितात तेव्हा त्यात भक्ती आहे, पण कान झोपलेला नाही. आपण मात्र आज एखादं रिलीज आलं की खाली तीन अग्नीची चित्रं टाकतो आणि पुढे सरकतो.

आता जरा जवळ येऊ. २०१४ च्या सुरुवातीला कुर्ला पश्चिमेच्या नेझीचं ‘आफत’ आलं. एका आयपॅडवर केलेलं, गल्लीतच चित्रित झालेलं. मग २०१५ मध्ये डिव्हाइनसोबत ‘मेरे गली में’ आणि २०१९ मध्ये ‘गली बॉय’ सिनेमा. नेझीवर किती लिहिलं गेलं बघा : वस्ती, गरिबी, टोपी, वडील परदेशात. आणि तो शब्द कसे तोडतो, श्वास कुठे घेतो, बंबैया बोलीतला कुठला हेल ठेक्याच्या मागे ठेवतो, यावर? फार थोडं. मुलाची बातमी झाली, गाण्याची समीक्षा राहिली. ‘स्वदेसी’ या गटाने आरेच्या जंगलासाठी आदिवासी नेते प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, तेव्हाही कौतुक बहुतेक मुद्द्याचं झालं. मुद्दा चांगला होताच. पण एमसी मवालीची मराठी रॅपमध्ये कशी बसते, हा प्रश्न मराठी वाचकाने नाही विचारायचा तर कुणी?

तुम्ही म्हणाल, एवढा काथ्याकूट कशाला? ऐकायचं आणि सोडून द्यायचं. त्यावर एका मुलाबद्दल सांगतो. नाव, गाव सांगणार नाही. का, ते कळेलच.

त्याने मला चार ट्रॅकची लिंक पाठवली. घरच्यांचा यंत्रमागांशी संबंध, त्यामुळे सगळे आवाज भिवंडीतल्या मागांचे. पहिला ट्रॅक साधारण, तिसऱ्यावर घुमारा इतका चढवलेला की कारखाना मशिदीच्या घुमटाखाली असावा असं वाटावं. पण दुसरा! अकरा मिनिटं माग चालू आहेत. धोटा इकडून तिकडे, इकडून तिकडे. तुम्हाला कंटाळा येतो, मग त्या कंटाळ्यातूनच ठेके दिसायला लागतात, दोन मागांच्या वेगात केसाएवढा फरक आहे हे कळतं. आणि अचानक वीज जाते. सगळे माग एकदम थांबत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या चालीने मंदावतो, आवाज खाली खाली उतरतो. शेवटी शांतता, आणि त्या शांततेत एक माणूस खोकतो. तो अकरा मिनिटं तिथेच होता, आपल्याला ऐकू येत नव्हता.

मी तेवढंच लिहिलं. तिसऱ्याबद्दल जे वाटलं तेही लिहिलं. त्याला राग आला, दोन दिवस फोन नाही. मग म्हणाला, ‘भाई, घुमारा कमी करतो, पण पूर्ण काढणार नाही.’ ठीक आहे, त्याचं काम आहे.

त्यानंतर एका वेबसाइटनेही त्याच्यावर लिहिलं. नाव छापलं, मोहल्ला छापला, आणि मथळा असा की एक मुस्लिम मुलगा कट्टर घराविरुद्ध आवाज उठवतोय. असं काही नव्हतंच. माग चालवणाऱ्या मामानेच त्याला आत बसून रेकॉर्ड करू दिलं होतं! मथळा नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला. त्याच मामाला लोकांनी विचारलं, तुमच्या घरात काय चाललंय? मुलाने चारही ट्रॅक काढून टाकले. आज तो दुसरा ट्रॅक कुठेच ऐकायला मिळत नाही. माझ्याकडे फाइल आहे, पण ती मी वाजवणार नाही. त्याने नको म्हटलंय.

चरणजित सिंगांची एलपी कुणी न लिहिल्यामुळे हरवली, ही अशा लिहिण्यामुळे.

आमच्या धंद्यात कोड रिव्ह्यू असतो. तुम्ही लिहिलेला कोड दुसरा वाचतो आणि टिपणं करतो. तिथे एक साधा नियम : टिपण कोडवर, कोड लिहिणाऱ्यावर नाही. सत्तेचाळिसाव्या ओळीत गडबड आहे, असं लिहायचं; तू असाच आहेस, असं नाही. आणि न वाचताच ‘छान दिसतंय’ असा शेरा मारणारा सगळ्यात धोकादायक. मी संगीतावरही तसंच लिहितो. ‘भन्नाट’, ‘अफाट’ हे शब्द मी बंद केलेत. त्याऐवजी कितव्या मिनिटाला काय घडतं ते लिहितो, म्हणजे वाचणारा तिथे जाऊन मला खोटं पाडू शकतो. एकदा हेडफोनवर ऐकतो, एकदा फोनच्या फालतू स्पीकरवर, कारण बनवणाऱ्याचे मित्र तिथेच ऐकणार. एकदा मुंब्र्याच्या बोगद्यातून जाणाऱ्या लोकलमध्ये ऐकलं होतं. ते फारसं उपयोगी नाही, पण मजा येते. दहापैकी गुण देत नाही. शक्य असेल तर विकत घेतो. मित्राचं असेल तर मित्राचं आहे असं वरच लिहून टाकतो. आणि छापण्याआधी एक फोन : नाव कोणतं छापू, राहण्याचं ठिकाण छापू का? फक्त एवढंच. मजकूर दाखवत नाही.

एक प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेतो. संगीत चालतं का? मी आलिम नाही. समावर इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये सविस्तर लिहिलंय, इब्न हज्म यांचं मत वेगळं, विरोध करणारेही मोठे, शेकडो वर्षांचा वाद मी वागळे इस्टेटमध्ये मिटवणार नाही. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात गाणं होतं, आणि त्याच गावात घरात वाद्य न ठेवणारी कुटुंबंही आहेत. प्रत्येकाने आपलं उत्तर शोधावं. माझं म्हणणं एवढंच की कलाकाराच्या वतीने ते उत्तर लिहिणाऱ्याने देऊ नये. त्याने बंड केलंय असं ठरवू नये, तसंच तो बिघडलाय असंही.

खूप बोललो. आयोजक घड्याळ दाखवतायत. चरणजित सिंगांची तोडी आणली आहे, पाचेक मिनिटांची. मागचा पंखा कुणीतरी बंद करा. कागद वाटलेत, त्यावर तुमचं नाव नको. फक्त गंधार कुठे आला असं वाटलं, ती वेळ लिहा.