खुब्याचे हाड मोडल्यास काय करावे?



 ऑपरेशन म्हटले की आपल्या वस्तीत आजही भीती वाटते. ती भीती किती महाग पडते, हे आधी सांगतो.

आमच्याच घरातील आजी मोरीत घसरून पडल्या. पाय आखूड दिसू लागला, पाऊल बाहेरच्या बाजूस वळले, पाय उचलता येईना. खुब्याजवळचे हाड मोडल्याची ही ठळक लक्षणे होत. परंतु "या वयात ऑपरेशन कशाला?" असे म्हणून आम्ही घरच्यांनीच त्यांना हाडवैद्याकडे नेले. तेल, चोळणे, पट्टी यांत दीड महिना गेला. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ साठला आणि आजी गेल्या. अंथरुणाला खिळून राहणे त्यांना भोवले.

खुब्याचा सांधा म्हणजे उखळीत बसलेला गोळा. या गोळ्याला बहुतेक रक्त मांडीच्या हाडाच्या मानेवरून पोचते. मान मोडली की रक्तपुरवठा तुटून गोळा सुकू शकतो. म्हणून तरुणांत हाड तातडीने जागेवर बसवून स्क्रूने पक्के करतात. वृद्धांत बहुधा गोळाच बदलतात. मानेच्या खाली हाड मोडल्यास पट्टी व स्क्रू लावतात किंवा हाडाच्या पोकळीत सळई घालतात. इंग्लंडचे डॉ. जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा गोळा व पॉलिथिलीनची वाटी सिमेंटने बसविली, तेव्हापासून संपूर्ण सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया भरवशाची झाली. वृद्धांचे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावे. त्यानंतर रुग्णाला बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकरच्या आधाराने उभे करतात.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. या आजारात बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि ऐन तारुण्यात खुब्याचा गोळा खचू शकतो. जांघेत दुखते, मांडी घालून बसवत नाही. अशा मुलामुलींना आळशी म्हणू नका. सुरुवातीस एक्स-रे साधा दिसला तरी एमआरआयमध्ये दोष कळतो. ऑपरेशनपूर्वी सिकलसेलची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. दारू आणि मनाने घेतलेली स्टेरॉइडची औषधे यांनीही हाच सांधा बिघडतो.

कोणी पडल्यास चोळू नये, उभे करून पाहू नये. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून पाय एकत्र बांधावेत व फळीवर निजवून रुग्णालयात न्यावे. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे.

विद्यार्थी मित्रहो, शिकलेल्या मुलाचा शब्द घरात ऐकला जातो. मोरी कोरडी ठेवा, रात्री दिवा ठेवा, भिंतीला धरायला दांडी बसवा. आणि प्रसंग आलाच, तर आम्ही जो दीड महिना घालविला, तो तुम्ही घालवू नका.