तार बसण्याआधी दाताची तयारी

आज आम्ही बोलणार आहोत दातांच्या तारेबद्दल. बचत गटाच्या ताईंना दातांचं काय कळतं, असं वाटेल. पण हा विषय आमच्याकडे गटाच्या कर्जातूनच आला.

आमच्या गटातल्या एका ताईनं नववीतल्या मुलीच्या तारेसाठी कर्ज मागितलं. दात पुढे आलेले, पोरगी तोंडावर ओढणी धरून हसायची. बैठकीत आम्हीच म्हटलं, "ही तर हौस आहे." मग विचार केला, ओढणीआड हसणं ही काय हौस? कर्ज दिलं. पण दोन महिन्यांत दातावरचे छोटे चौकोनी तुकडे, ज्यांना ब्रॅकेट म्हणतात, तीनदा निघाले. दर वेळी एस.टी.चं भाडं आणि कापूस वेचायची मजुरी बुडाली. शेवटी आम्ही दोघीजणी तिच्यासोबत गेलो आणि डॉक्टरांना विचारलं, हे निघतात कावून?

उत्तर ऐकून आम्हाला घराचं बांधकाम आठवलं. गुळगुळीत भिंतीवर प्लास्टर धरत नाही, म्हणून मिस्त्री आधी भिंतीला टोचे मारतो. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण भाग, पण गुळगुळीत. त्यावर गोंद नुसता धरत नाही.

म्हणून आधी दात प्युमिसच्या भुकटीनं घासून स्वच्छ करतात. मग ओठ बाजूला धरून दात कोरडा करतात. त्यावर फॉस्फोरिक ॲसिडची जेल साधारण 15 ते 30 सेकंद ठेवतात आणि पाण्यानं भरपूर धुतात. वाळवल्यावर तेवढी जागा खडूसारखी पांढरी दिसते. तिथे डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं पडलेली असतात. पातळ द्रव त्यात उतरतो, वर गोंद लावलेला ब्रॅकेट बसतो आणि निळ्या उजेडानं तो घट्ट होतो. त्या उजेडाकडे बघायचं नाही.

ॲसिडचं नाव ऐकून ताई घाबरल्या होत्या, "पोरीचे दात जाळतीन काय?" तसं नाही. झीज होते ती केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी थराची. ही युक्ती अमेरिकेतले दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी 1955 साली मांडली. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात धातूला ॲसिड लावतात, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा तारेसाठी प्रत्येक दाताला धातूचा पट्टा बसवत. आज तो बहुतेक दातांना लागत नाही.

मग आमच्या पोरीचं काय चुकलं? तिला सर्दी होती. नाक बंद, म्हणून ती सारखं तोंड मिटायची. खडबडीत केलेल्या दाताला थुंकी लागली, की छिद्रं बुजतात आणि पकड जाते. तसं झालं तर दात धुऊन, वाळवून पुन्हा तयार करावा लागतो. सर्दीचं आम्ही सांगितलं नाही आणि तिथेही कोणी विचारलं नाही. त्यात घरी फुटाणे आणि ऊस चालूच होता.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं ध्यानात ठेवा. सर्दी असेल तर आधी सांगा, तारीख पुढे घ्या. दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतील तर गावच्या पाण्याबद्दल सांगा. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. अशा दातावर ॲसिड लवकर चढत नाही, डॉक्टरांना वेगळी तयारी करावी लागते. ब्रॅकेट निघाला तर घरच्या गोंदानं चिकटवू नका. जपून ठेवा, घेऊन जा. आणि ब्रॅकेटभोवती रोज नीट घासा. ॲसिडच्या त्या काही सेकंदांपेक्षा साचलेलं अन्न दाताचं जास्त नुकसान करतं, तार काढल्यावर पांढरे डाग राहतात.

अमरावतीत आणि अकोल्यात दंत महाविद्यालयं आहेत, नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. कर्ज काढण्याआधी तिथे खर्च विचारा. किती महिने लागतील, ब्रॅकेट निघाला तर पैसे पुन्हा लागतील का, तेही विचारा.

आमच्या पोरीची तार अजून वर्षभर आहे, ताईचे हप्तेही चालू आहेत. चौथ्यांदा बसवलेले ब्रॅकेट मात्र टिकलेत. परवा बैठकीत ती चहा घेऊन आली, तेव्हा ओढणी खांद्यावरच होती.