कर्कश काय : ध्वनी की कान?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आम्ही ‘कॅकॉफनी’ या इंग्रजी शब्दावर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा शब्द आपल्या मुलांच्या ओठी सहज येतो आणि मराठी प्रतिशब्द विचारला की ती ‘गोंगाट’ म्हणून मोकळी होतात. तेवढ्याने भागत नाही, असे आमचे नम्र मत आहे.

हा शब्द मूळचा ग्रीक. ‘काकोस’ म्हणजे वाईट आणि ‘फोने’ म्हणजे ध्वनी. टेलिफोन, ग्रामोफोन, सिंफनी ही सारी त्या ‘फोने’चीच लेकरे. याचा विरुद्धार्थी शब्द ‘युफनी’, म्हणजे सुस्वरता. कावळ्याला संस्कृतात ‘काक’ म्हणतात खरे, पण तो केवळ योगायोग.

वापराच्या दृष्टीने एक भेद ध्यानी घ्यावा. कॅकॉफनी म्हणजे निव्वळ मोठा आवाज नव्हे. मेघांचा गडगडाट प्रचंड असतो, परंतु त्याला हा शब्द शोभत नाही. एकट्या कर्कश आवाजालाही इंग्रजी लेखक बहुधा ‘स्ट्रायडंट’ किंवा ‘रॉकस’ म्हणतात. परस्परांशी मेळ नसलेले अनेक ध्वनी एकाच वेळी कानावर आदळले, की कॅकॉफनी होते. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या सन २००० च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरवली आहे. ही मर्यादा आवाजाच्या पातळीची आहे. बेसूरपणा मोजणारे यंत्र मात्र अद्याप कोणत्याही खात्याकडे नाही!

आपल्या पूर्वसूरींनी या विषयाचा सूक्ष्म विचार केला होता. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त ‘श्रुतिकटु’ हा शब्ददोष सांगितला आहे. परंतु रौद्र रसात, क्रुद्ध वक्त्याच्या तोंडी, तीच कठोर अक्षरे गुण ठरतात, असेही तेथे मानले आहे. म्हणजे कटुता केवळ अक्षरात नसते, ती प्रसंगावरही अवलंबून असते.

मराठीची श्रीमंती याहून निराळी. बाजारातला गलका, पाखरांचा कलकलाट, भांड्यांचा खणखणाट, जुन्या रेडिओची खरखर, नव्या वहाणांची करकर : प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र नाव. पुढे हेच शब्द कानातून मनात उतरले. किरकिर, कुरकुर, कचकच, कटकट हे मूळचे आवाज. आज ते घरोघरच्या असमाधानाची नावे झाले आहेत. इतके बारकावे हाताशी असताना सर्वत्र ‘गोंगाट’ म्हणणे, म्हणजे भरल्या घरात एकच भांडे वापरणे होय.

आता मुख्य मुद्दा. न समजणारी भाषा माणसाला नेहमीच कर्कश वाटत आली आहे. ज्यांची बोली कळत नसे, त्यांना ग्रीकांनी ‘बार्बारोस’ म्हटले. जणू ते नुसतेच ‘बर-बर’ करीत होते. आपल्या धातुपाठातही ‘म्लेच्छ्’ धातूचा अर्थ अस्पष्ट बोलणे असाच दिला आहे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने आम्ही अनेक प्रांतांत राहिलो. प्रत्येक नव्या गावी पहिले काही दिवस स्टेशन आणि बाजार म्हणजे निव्वळ कोलाहल वाटे. मग त्यातून एकेक शब्द सुटा होऊ लागे. भाजीवाल्याची घासाघीस कळे, शेजारणीची चौकशी कळे. ध्वनी तेच असत; बदललेला असे तो आमचा कान.

हीच गोष्ट उलट दिशेनेही घडू शकते, आणि आम्हांस चिंता वाटते ती तिची. प्रमाण हिंदीत आणि बंगालीत ‘ळ’ नाही. त्या भाषांच्या सहवासात वाढलेली आपली मुले ‘बाळ’ला ‘बाल’ आणि ‘फळा’ला ‘फल’ म्हणू लागतात. सुट्टीत आजोळी गेल्यावर आजोबांचे ठसठशीत बोलणे त्यांना रांगडे वाटते, आणि ओव्या, आरत्या, म्हणी हा केवळ जुना गलबला. त्यात मुलांचा दोष नाही. जे कानांवर पडलेच नाही, ते गोड कसे लागावे?

म्हणून मंडळाच्या बालवर्गात व्याकरणाआधी श्रवण असावे, अशी आमची सूचना आहे. वडीलधाऱ्यांनी मोठ्याने वाचावे, मुलांनी ऐकावे. ‘ळ’ चुकला तर हसू नये. पुन्हा म्हणून दाखवावे. त्याचबरोबर, ज्या प्रांताने आपल्याला आश्रय दिला त्याची भाषाही मुलांनी कान देऊन ऐकावी. दोन भाषा कळणाऱ्या कानाला कॅकॉफनी थोडी कमीच ऐकू येते.

मंडळाची पन्नास वर्षे अनेक स्वरांच्या मेळातून उभी राहिली आहेत. सभांत मतभेद झाले असतील, कुरकुरही झाली असेल. परंतु मेळ सुटला नाही. तो असाच टिको, ही सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.