वाचनालयांतील मुलें आणि वाचनालयाचे नियम

नियमांचा फलक ज्याच्या भिंतीवर नाहीं असें सार्वजनिक वाचनालय महाराष्ट्रांत शोधूनहि सांपडणें कठीण. ‘शांतता राखावी’, ‘पुस्तकांवर खुणा करूं नयेत’, ‘वर्तमानपत्र वाचून झाल्यावर जागेवर ठेवावें’, ‘लहान मुलांस बरोबर आणूं नये’ अशा सूचना ओळीनें लिहिलेल्या असतात. खालीं ‘आज्ञेवरून’ हा शब्द असतो. आणि ही आज्ञा कोणाची व कशासाठीं, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. पहिल्या तीन सूचनांविषयीं मतभेद होण्याचें कारण नाहीं. चौथी मात्र दिसते तितकी साधी नाहीं. वाचनालय कोणाचें, या प्रश्नाचें उत्तर त्या एका ओळीनें देऊन टाकलेलें असतें.

हा प्रश्न आज कसा उभा राहतो हें पाहावयाचें असेल तर पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें लोणी काळभोरपर्यंत जावें. हवेली तालुक्यांतील हें गांव मूळचें शेतीवर जगणारें. पुणें-दौंड लोहमार्गावर त्याचें स्टेशन आहे, आणि चिंतामणीचें थेऊर तेथून जवळच आहे. पुढें येथें तेलकंपन्यांचीं कोठारें आलीं; राज कपूर यांच्या राजबागेच्या परिसरांत आतां विद्यापीठ उभें आहे; २०२१ सालीं येथील पोलीस ठाणेंहि ग्रामीण दलाकडून पुणें शहराच्या आयुक्तालयाकडे गेलें. थोडक्यांत, गांव शहरांत मिसळत चाललें आहे. शहराकडे सरकणाऱ्या अशा गांवांत वाड्यावस्त्यांच्या शेजारीं चार-पांच मजली इमारती उठतात, आणि त्यांतील पुष्कळ घरांत आई व वडील दोघेहि सकाळीं कामासाठीं बाहेर पडतात.

पूर्वीच्या घरांत शाळेंतून परतलेल्या मुलाला आजी, काकू, निदान शेजारची मावशी दारांत भेटे. आतां शाळा सुटते तेव्हां घराला कुलूप असतें आणि आईची बस येण्यास दोन-तीन तासांचा अवधि असतो. तेवढा वेळ त्या मुलानें कोठें काढावा? हमरस्त्यावर मालमोटारींची रीघ असते. खेळावयाची मोकळी जागा एकेक करून इमारतींखालीं जाते. अशा वेळीं वाचनालयाचें दार उघडें असेल तर मूल तेथें येतें. त्याला पंखा मिळतो, बसावयास बांक मिळतें, चित्रांचें पुस्तक मिळतें. आईलाहि तें ठिकाण सुरक्षित वाटतें, आणि तिला तसें वाटावें यांत वावगें कांहीं नाहीं.

पण त्याच खोलींत आणखी कोण बसलेलें असतें तेंहि पाहिलें पाहिजे. एका टेबलाशीं सेवानिवृत्त गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत असतात. त्यांच्या दिवसांतला तो एवढाच वेळ घराबाहेरचा. दुसऱ्या टेबलाशीं स्पर्धा-परीक्षांची तयारी करणारे तरुण व तरुणी असतात. घरीं अभ्यासास जागा नाहीं म्हणून त्या इथें आलेल्या असतात, आणि वर्षा-दोन वर्षांच्या कष्टांवर सबंध घराची आशा असते. देवघेवीच्या टेबलाशीं एकच सेवक असतो. लहान वर्गाच्या ग्रंथालयांत ग्रंथपाल, लेखनिक आणि शिपाई या तिन्ही भूमिका बहुधा त्या एकाच माणसाच्या वांट्यास येतात, आणि त्याचें मानधन सांगण्याजोगें नसतें. त्याच्यावर दहा-बारा मुलें सांभाळण्याचें काम न विचारतां सोंपवून जाणें हा सरळ अन्याय आहे. मूल, वृद्ध, विद्यार्थी आणि सेवक या चौघांचीहि बाजू खरी आहे. म्हणूनच येथें नियम लागतो. एकाचीच बाजू खरी असती तर नियमाचें कामच पडलें नसतें.

महाराष्ट्रांतील जुन्या ग्रंथालयांपुढें ही अडचण नव्हती. रत्नागिरीचें ग्रंथालय १८२८ सालचें. पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें. त्याच्या स्थापनेंत लोकहितवादींचा पुढाकार होता. त्या काळीं ग्रंथालय म्हणजे शिकलेल्या प्रौढ पुरुषांनीं वर्गणी काढून चालविलेली संस्था. स्त्रियांची तेथें वर्दळ नव्हती, मग मुलांची कोठून असणार? मुलांसाठीं लिहिलेलीं मराठी पुस्तकेंहि त्या वेळीं थोडीं. आपल्या फलकांवरील कित्येक नियम त्या मंडळींच्या सोयीसाठीं झाले आणि पुढें वाचक बदलले तरी फलक तेच राहिले.

सर्वांना विनामूल्य दार उघडण्याचा मोठा प्रयोग बडोद्यास झाला. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आपल्या संस्थानांत गांवोगांवच्या ग्रंथालयांची योजना आंखविली. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत मुलांसाठीं स्वतंत्र विभाग होता आणि तेथें पुस्तकांच्या जोडीला खेळहि ठेवलेले होते.

खुद्द अमेरिकेंतहि मुलांना हें स्थान आपोआप मिळालें नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथील पुष्कळ ग्रंथालयांत बारा-चौदा वर्षांखालील मुलांस प्रवेश नसे. १९०६ सालीं ॲन कॅरोल मूर या बाई न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांनीं मुलांच्या खोल्यांतील शांततेच्या पाट्या काढविल्या. परंतु त्यांनीं नियम काढून टाकला नाहीं. पुस्तक घरीं नेऊं इच्छिणाऱ्या मुलानें एका मोठ्या वहींत स्वतःच्या हातानें नांव लिहावें, आणि पुस्तकें जपण्याचें व नियम पाळण्याचें वचन द्यावें, अशी रीत त्यांनीं पाडली. ज्याला नांव लिहितां येतें तो सभासद होऊं शकतो. बाईंच्या या रीतींत लहान मुलाला दरडावलेलें नाहीं. त्याच्याशीं करार केलेला आहे, आणि करार जबाबदार माणसाशींच होतो.

डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचें पुस्तक मिळावें, हा त्यांतील दुसरा. त्यांत वाचकाच्या वयाची अट नाहीं. युनेस्कोच्या १९९४ सालच्या जाहीरनाम्यानें तर मुलांना लहानपणापासून वाचनाची संवय लावणें हें सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यांत अग्रभागीं ठेवलें. आपल्याकडे १९६७ सालीं महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्या व्यवस्थेंत बहुतेक ग्रंथालयें स्थानिक संस्थांच्या कार्यकारी मंडळांकडेच राहिलीं. शासन त्यांना मान्यता देतें, अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवितें आणि अनुदान देतें. वाचनालयांत कोणीं कसें वागावें हें ठरविण्याचें काम मात्र बहुतेक ठिकाणीं त्या त्या गांवच्या मंडळाकडेच असतें. त्यामुळें लोणी काळभोरसारख्या गांवांतला हा प्रश्न सोडविण्यास मुंबईकडे पाहत बसण्याचें कारण नाहीं.

मंडळानें नियम करतांना पहिली गोष्ट ही पाहावी कीं, नियम वर्तनाला लावावयाचा, वयाला नव्हे. मोबाइलवर मोठ्यानें बोलणारा सभासद, एकच वर्तमानपत्र तासभर मांडीखालीं दाबून बसणारा वाचक, जाहिरातीचा तुकडा हळूच फाडून खिशांत घालणारा उमेदवार, ओलें बोट लावून पानें उलटणारा रसिक – यांपैकीं कोणीहि लहान मूल नाहीं. कपाटांतून काढलेलें पुस्तक भलत्याच कप्प्यांत ठेवणाऱ्यानें तें जवळजवळ हरवलेलेंच असतें. आणि ही चूकहि मोठीच माणसें अधिक करतात, कारण मुक्तद्वार कपाटांपर्यंत त्यांचाच हात पोंचतो. ज्या वागणुकीबद्दल मुलाला बाहेर काढतात, त्याच वागणुकीबद्दल मोठ्यालाहि बाहेर जावें लागेल, असें फलकावर स्पष्ट असावें. मुलांना अन्याय फार लवकर कळतो. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असा नियम पाळण्याची त्यांना इच्छा राहत नाहीं.

दुसरी गोष्ट वेळेची. बहुतेक वाचनालयांना स्वतंत्र बालविभागासाठीं खोली नसते. ज्याला खोली देतां येत नाहीं त्याला वेळ देतां येतो. संध्याकाळचे दीड-दोन तास मुलांचे ठरवून टाकावे; त्या वेळांत हलक्या आवाजांत बोलण्यास, एकत्र बसून पुस्तक वाचण्यास, गोष्ट सांगण्यास मुभा असावी. त्यानंतर पूर्ण शांततेचा वेळ असावा आणि तो मुलांनींहि पाळावा. अभ्यास करणाऱ्यांना आपली शांतता केव्हां मिळेल हें आधीं ठाऊक असलें म्हणजे त्यांची निम्मी तक्रार नाहींशी होते.

तिसरी गोष्ट एकट्या येणाऱ्या मुलाची. आणि ती सर्वांत नाजूक आहे. सहा-सात वर्षांखालील मुलाबरोबर मोठें माणूस, निदान जाणतें भावंड असावें, असा नियम करण्यास हरकत नाहीं. तेवढ्या वयाच्या मुलाला स्वच्छतागृहालाहि एकट्यानें जातां येत नाहीं. त्याहून मोठ्या मुलाला एकट्यानें येऊं द्यावें, पण पालकानें एकदां स्वतः येऊन नोंद करावी: मुलाचें नांव, पालकाचा दूरध्वनि, आणि मुलाला नेण्यास कोण येईल त्याचें नांव. ही नोंद म्हणजे परवाना नव्हे. ती जबाबदारीची वांटणी आहे. वाचनालय पुस्तकें देईल, बसावयास जागा देईल आणि लक्षहि ठेवील. पण मुलाचें पालकत्व त्यानें घेतलेलें नाहीं, हें त्याच वहींत लिहिलेलें असावें. सेवकाला पाळणाघराचें काम द्यावयाचें असेल तर तें उघडपणें ठरवून आणि मोबदला देऊन द्यावें.

आणि शेवटीं दार लावण्याची वेळ. वाचनालय आठ वाजतां बंद होतें, आणि नऊ वर्षांची एखादी मुलगी पायरीवर बसून राहते. बस उशिरा आलेली असते, आईचा फोन लागत नसतो. या वेळीं सेवकानें काय करावें हें फलकावर नसलें तर तो स्वभावानुसार वागतो. भिडस्त सेवक एकटाच तिच्याजवळ थांबतो. घाईतला सेवक कुलूप लावून निघून जातो. दयाळू सेवक तिला आपल्या दुचाकीवरून घरीं सोडून येतो. तिन्ही मार्गांत धोका आहे. मुलीला तर आहेच, सेवकालाहि आहे. म्हणून मंडळानें आधींच ठरवावें: थांबावें दोघांनीं, सेवकानें आणि मंडळाच्या एका सभासदानें, दिवा व दार उघडें ठेवावें, नोंदींत नसलेल्या माणसाबरोबर मुलीला धाडूं नये, स्वतःच्या वाहनानें सोडावयास जाऊं नये. ठराविक वेळ उलटून गेली आणि कोणाशींच संपर्क झाला नाहीं, तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर, किंवा पोलीस ठाण्यांत कळवावें. हा क्रमांक अहोरात्र चालतो आणि त्याला पैसे पडत नाहींत. पालकांपासून दुरावलेल्या मुलाची वर्दी चोवीस तासांच्या आंत देणें २०१५ च्या बालन्याय कायद्यानें बंधनकारकच केलें आहे. पण बस चुकलेल्या आईची वाट पाहणारी मुलगी आणि खरोखर निराधार झालेलें मूल यांतील भेद सेवकाला कळावा. पहिल्या वेळीं धांवत आलेल्या आईला चार माणसांत बोलून लाजवूं नये. तोच प्रकार वारंवार झाला तर मंडळानें तिला बोलावून घ्यावें, अडचण विचारावी आणि नियम समजावून द्यावा.

शिक्षेचाहि क्रम असावा: आधीं आठवण, मग समज, मग पालकांना निरोप, आणि शेवटीं कांहीं दिवसांपुरती बंदी. कायमची बंदी मुलाला देऊंच नये. नऊव्या वर्षीं वाचनालयांतून घालविलेला माणूस एकोणिसाव्या वर्षीं आपण होऊन परत येईल अशी आशा करण्यास आधार नाहीं. पुस्तकाच्या दंडाचेंहि तसेंच. मुलाकडून फाटलेल्या पुस्तकाची किंमत घरीं मागितली कीं कित्येक घरांतून मुलाचें वाचनालयच बंद होतें. त्यापेक्षां त्याला सेवकाशेजारीं बसवून तें पान चिकटवावयास लावावें. पुस्तक कसें शिवलेलें असतें तें त्याला त्या दिवशीं प्रथमच दिसेल.

कांहीं सभासद म्हणतील कीं, एवढा खटाटोप करण्यापेक्षां ‘पालकांविना मुलांस प्रवेश नाहीं’ ही एक ओळ पुरे. ती ओळ सोपी आहे खरी. पण तिनें दार कोणाला बंद होतें तें पाहावें. ज्या मुलाबरोबर यावयास घरीं कोणी मोकळें असतें, त्याच्या घरीं बहुधा पुस्तकेंहि असतात. ज्याच्या घराला संध्याकाळपर्यंत कुलूप असतें, ज्याची आई दुसऱ्याच्या घरीं किंवा कारखान्यांत राबत असते, त्यालाच ती ओळ बाहेर ठेवते. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ ज्याला पर्याय नाहीं त्याच्यापासून सुरू होतो.

श्रोत्यांपैकीं जे एखाद्या वाचनालयाच्या मंडळावर असतील त्यांनीं येत्या सभेंत आपला फलक एकदां खालीं उतरवून वाचावा. प्रत्येक ओळीपुढें ती कोणासाठीं आहे हें लिहावें. ज्यांचें मूल वाचनालयांत जातें त्यांनीं एका संध्याकाळीं त्याच्याबरोबर जाऊन सेवकाला भेटावें, त्याचें नांव विचारावें आणि आपला दूरध्वनि वहींत लिहून यावें. या दोन कामांना अनुदान लागत नाहीं.