जुन्या ट्रायम्फचं स्टीअरिंग: बदलायचं की दुरुस्त करायचं?

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. हा आपला श्रोता इंग्लंडमध्ये राहतो आणि त्याने १९५९ ची ट्रायम्फ टीआर ३ए घेतलीय. दोन सीट, कापडी टप, १९९१ सीसीचं इंजिन. गाडी झकास आहे, पण स्टीअरिंगमध्ये प्ले फार. सरळ रस्त्यावरही सारखं डावं-उजवं करत बसावं लागतं. ओळखीतले काही जण म्हणतात, जुना बॉक्स काढ आणि रॅक अँड पिनियन बसव. बाकीचे म्हणतात, मुळीच हात लावू नकोस, गाडीचं अस्सलपण जाईल. तर करायचं काय?

आधी हे दोन प्रकार समजून घेऊ. बॉक्सवाल्या गाडीत स्टीअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला गोल फिरत जाणारी खाच असलेला कॅम असतो. त्या खाचेत एक पेग, म्हणजे खुंटी, बसलेली असते. तुम्ही चाक फिरवलं की खुंटी खाचेतून सरकते, तिच्याबरोबर एक आर्म हलतो. तो आर्म मधला रॉड ढकलतो, पलीकडे आयडलर आर्म, मग दोन बाजूंचे टाय रॉड आणि शेवटी चाकं. मोजा, किती सांधे झाले! प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजला तरी तुमच्या हातात येईपर्यंत त्याची बेरीज झालेली असते.

रॅक अँड पिनियनमध्ये एक छोटं दातेरी चाक आणि एक दातेरी पट्टी. चाक फिरलं की पट्टी सरकते. संपलं. सांधे कमी, म्हणून अचूकपणा जास्त.

आपल्याकडच्या गाड्या आठवा. प्रीमियर पद्मिनीला बॉक्स होता, अ‍ॅम्बेसेडरला रॅक. आणि मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड ही मुळात ट्रायम्फचीच गाडी, तिलाही रॅकच. म्हणजे रॅक हे काही आजचं फॅड नाही. खुद्द ट्रायम्फने १९६१ साली टीआर ४ आणली तेव्हा बॉक्स सोडून रॅक घेतला. त्यामुळे 'रॅक लावला म्हणजे गाडी बाटली' हे काही मला पटत नाही. कंपनीने स्वतःच तो रस्ता धरला होता.

पण म्हणून लगेच ऑर्डर देऊ नका. खरा मुद्दा असा आहे, की तुमची तक्रार नक्की कोणती? कारण 'स्टीअरिंग खराब आहे' या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

पहिली तक्रार, प्ले. हा कुठून येतो ते शोधायला पैसे लागत नाहीत, एक मित्र लागतो. इंजिन बंद, गाडी जमिनीवर. मित्राला सांगा, स्टीअरिंग थोडं थोडं डावीकडे-उजवीकडे हलव. तुम्ही बॉनेट उघडून बघा. दांडा हलतोय पण बॉक्समधून बाहेर आलेला आर्म हलत नाही? मग दोष बॉक्सचा. आर्म हलतोय पण पलीकडचा आयडलर वर-खाली डुगडुगतोय? मग दोष आयडलरचा. आख्खा बॉक्सच जागेवर हलतोय? मग ब्रॅकेटचे बोल्ट बघा. नंतर पुढची बाजू जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा आणि चाक हाताने हलवून बघा. डावी-उजवी बाजू धरून हललं तर टाय रॉड एंडचा संशय. वरची-खालची बाजू धरून हललं तर व्हील बेअरिंग किंवा सस्पेन्शनचे सांधे. हे शेवटचं असेल तर रॅक लावून काडीचा फरक पडणार नाही!

आणि बॉक्सच झिजला असेल तर? वरच्या झाकणावर अ‍ॅडजस्टमेंटचा स्क्रू असतो. पण तो आवळून सुटलो असं समजू नका. आपण जास्त वेळ सरळ गाडी चालवतो, म्हणून कॅम मधल्या भागात जास्त झिजतो. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर पूर्ण वळवल्यावर स्टीअरिंग अडकू शकतं. घाटाच्या वळणावर हे झालं तर? त्यापेक्षा बॉक्स उघडून पेग, बुश बदलून घ्या, गरज असेल तर कॅमसुद्धा.

दुसरी तक्रार, वळल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही. टीआर ३ए च्या पुढच्या चाकांना कॅस्टर अँगल शून्य आहे, म्हणजे चाक आपोआप सरळ करणारा कल मुळात दिलेलाच नाही. हा भूमितीचा भाग आहे. नुसता रॅक लावून तो बदलत नाही.

तिसरी तक्रार, पार्किंग करताना जड लागतं. आधी टायर बघा. या गाडीला मूळचे टायर होते साडेपाच इंची, १५ च्या रिमचे. त्याजागी रुंद रेडियल लावले असतील आणि हवा कमी असेल, तर जड लागणारच. तरीही खांदे दुखत असतील तर डॅशबोर्डखाली बसणारं इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग मिळतं. पण या गाडीत डायनॅमो आहे आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे. आधी ते उलटं करा, अल्टरनेटर बसवा. एका कामातून तीन कामं निघतात.

चौथी तक्रार मला सगळ्यात गंभीर वाटते. सुरक्षितता. या गाडीत बॉक्स पार पुढे आणि तिथून तुमच्या छातीपर्यंत एकच अखंड दांडा. समोरून धडक बसली तर हा दांडा मागे येतो, भाल्यासारखा. रॅक लावताना दांड्याचे तुकडे करून मध्ये युनिव्हर्सल जॉइंट टाकता येतात, तो सरळ मागे येत नाही. बॉक्स कितीही छान दुरुस्त केला तरी हा धोका तसाच राहतो. रॅकच्या बाजूचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे.

रॅक लावायचाच ठरला तर दोन गोष्टी. एक, रॅकची उंची आणि लांबी सस्पेन्शनशी जुळली पाहिजे. नाहीतर खड्ड्यात चाक वर-खाली झालं की गाडी स्वतःच वळते, याला बम्प स्टीअर म्हणतात. दुसरी, हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायरी जुन्या दांड्याच्या पोटातून जातात. दांडा कापला की त्यांना नवी वाट काढावी लागते.

कागदपत्रंही बघा. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ४० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणी, माफ आहे. पण गाडीत मोठा बदल केला तर ही सूट जाऊ शकते आणि स्टीअरिंगचा प्रकार बदलणं त्यात येतं. सुरक्षिततेसाठी केलेल्या बदलांना अपवाद आहे, तरी नियम स्वतः वाचा, सगळी बिलं जपा आणि इन्शुरन्सवाल्यांना आधीच कळवा.

माझा सल्ला? आधी वरची तपासणी. मग झिजलेले सांधे बदला, बॉक्स नीट करून घ्या, अलाइनमेंट करा आणि एक उन्हाळा गाडी चालवा. बऱ्याचदा तक्रार तिथेच संपते. पण गाडी रोज मोटरवेवर न्यायची असेल, शेजारी बायको किंवा मूल बसणार असेल आणि तो दांडा डोक्यातून जात नसेल, तर रॅक लावा, बिनधास्त. फक्त बोल्टने बसणारा घ्या, चॅसिसला कापाकापी-वेल्डिंग नको, आणि जुना बॉक्स तेल लावून, गुंडाळून माळ्यावर ठेवा. उद्या कुणाला गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची असेल तर वाट मोकळी राहील.

तुमच्याकडेही अशी जुनी गाडी असेल तर तिचं स्टीअरिंग कसं आहे, व्हॉइस मेसेज करून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत दोन्ही हात स्टीअरिंगवर आणि फोन खिशात!