स्वच्छतेच्या वेळी सरमिसळ नको

(संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



शासकीय कचेरीतील अभिलेख कक्ष आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. तेथील कागदपत्रांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केलेली असते. अ वर्गातील अभिलेख कायम जतन करावयाचे, तर ड वर्गातील अल्पकाळातच नष्ट करावयाचे. आता अशी कल्पना करा की, या कक्षात एक विचित्र नियम आहे. एखादा कागद एकटा काढून टाकता येत नाही. टाकावयाचा तर संपूर्ण रुमालच रिकामा केला पाहिजे. त्यात उपयोगाचे कागद असतील, तर त्यांची आधी दुसऱ्या रुमालात नक्कल करून घेतली पाहिजे. शिवाय, प्रत्येक रुमाल ठरावीक वेळाच रिकामा करता येतो. त्यानंतर त्याचे कापड विरते. अशा दप्तरखान्यात वर्गवारीला किती महत्त्व येईल, हे वेगळे सांगावयास नको.

आजच्या संगणकातील सॉलिड स्टेट ड्राइव्ह हा असाच एक दप्तरखाना आहे. तिचा आधार असलेल्या फ्लॅश स्मृतीचे जनक म्हणजे जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका. त्यांनी १९८४ मध्ये ही स्मृती जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार पुढे आला. या स्मृतीत माहिती लिहिली जाते ती पृष्ठापृष्ठाने. पुसली मात्र जाते ती शेकडो पृष्ठांच्या संपूर्ण ब्लॉकने. लिहिलेल्या पृष्ठावर पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून मजकूर बदलला की नवी प्रत दुसऱ्या कोऱ्या पृष्ठावर जाते आणि जुनी प्रत निरुपयोगी होऊन जागच्या जागी पडून राहते. पुसण्यालाही मर्यादा आहे. एका पेशीत एकच बिट साठविणारा प्रकार सुमारे एक लाख वेळा पुसणे सहन करीत असे. तीन बिट साठविणारा प्रकार साधारणतः एक ते तीन हजार वेळाच सहन करतो.

कोरी पृष्ठे संपत आली की ड्राइव्हचा नियंत्रक एखादा ब्लॉक निवडतो, त्यातील उपयुक्त पृष्ठांची अन्यत्र नक्कल करतो आणि तो ब्लॉक पुसून टाकतो. यालाच गार्बेज कलेक्शन म्हणतात. यातील हिशेब नीट समजून घेण्याजोगा आहे. समजा, ब्लॉकमध्ये २५६ पृष्ठे आहेत आणि त्यांपैकी १९२ अद्याप उपयुक्त आहेत. ती हलवून हाती लागतात केवळ ६४ पृष्ठे. म्हणजे वापरकर्त्याने ६४ पृष्ठे लिहावीत, तर ड्राइव्हला एकूण २५६ लिहावी लागतात, चौपट श्रम! याउलट, उपयुक्त पृष्ठे ६४ च असतील, तर १९२ नव्या पृष्ठांसाठी २५६ लिहावी लागतात. म्हणजे सव्वापटीहून थोडे अधिक. काम तेच, ड्राइव्ह तीच. परंतु तिचे आयुष्य दुसऱ्या स्थितीत तिप्पट ठरते.

मग उपयुक्त पृष्ठे कमी असलेले ब्लॉक मिळावेत कसे? उत्तर वर्गवारीतच आहे. क्षणाक्षणाला बदलणारी माहिती एका ब्लॉकमध्ये आणि वर्षानुवर्षे न बदलणारी दुसऱ्या ब्लॉकमध्ये ठेवली, तर पहिला ब्लॉक लवकरच जवळजवळ संपूर्ण निरुपयोगी होतो आणि फारशी नक्कल न करता पुसता येतो. दुसऱ्याला हात लावण्याची वेळ क्वचितच येते.

मात्र, येथेच एक दोष नकळत शिरतो. लिहिताना काळजीपूर्वक वेगळी ठेवलेली माहिती स्वच्छतेच्या वेळी पुन्हा एकत्र होते. नियंत्रक निरनिराळ्या ब्लॉकमधून उरलेली पृष्ठे गोळा करतो आणि जो ब्लॉक उघडा असेल त्यात भरतो. कित्येकदा नव्याने येणारे लेखनही त्यातच मिसळते. अ वर्गाचा कागद ड वर्गाच्या रुमालात गेला, की पुढील प्रत्येक स्वच्छतेत त्याची उगाच नक्कल होत राहते. वस्तुतः, स्वच्छतेच्या वेळी टिकून राहिलेले पृष्ठ हे दीर्घायुषी असण्याचा संभव अधिक, ही खूण नियंत्रकाला विनासायास मिळालेली असते. ती दवडणे योग्य नव्हे.

हा विचार फ्लॅशपुरता नवा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन औस्टरहाउट यांनी १९९१ मध्ये चुंबकीय तबकडीसाठी नोंदवहीच्या धर्तीवर चालणारी फाइल पद्धती मांडली. सर्वांत रिकामा भाग आधी साफ करावा, हा वरवर शहाणपणाचा नियम प्रत्यक्षात तोट्याचा ठरतो, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी माहितीचे वय विचारात घेतले आणि साफसफाईत उरलेली माहिती वयानुसार लावून ठेवली.

अलीकडे हे तत्त्व मानकांतही आले आहे. एनव्हीएमई मानकात २०२२ मध्ये समाविष्ट झालेल्या लवचीक माहिती-स्थापन पद्धतीत दोन प्रकारचे विलगीकरण सांगितले आहे. एकात माहिती लिहिताना वेगळी राहते, पण स्वच्छतेत मिसळू शकते. दुसऱ्यात ती स्वच्छतेनंतरही वेगळीच राहते.

तथापि, विलगीकरण फुकट मिळत नाही. प्रत्येक वर्गासाठी एक ब्लॉक उघडा ठेवावा लागतो आणि त्यासाठी राखीव जागा अडकते. वर्ग फार केले, तर अर्धवट भरलेल्या ब्लॉकचीच गर्दी होते. म्हणून वर्ग मोजके असावेत. पण जे असतील, ते अखेरपर्यंत पाळावेत.

मित्रहो, उद्या आपणांपैकी कोणी ड्राइव्हची रचना करील, कोणी आज्ञावली लिहील, तर कोणी कार्यालयासाठी यंत्रसामग्री निवडील. अकाली झिजलेली ड्राइव्ह म्हणजे वाया गेलेला पैसा आणि धोक्यात आलेली माहिती होय. तेव्हा माहिती कशी लिहिली जाते, एवढेच विचारून थांबू नका. साफसफाईनंतर ती कोणाशेजारी जाऊन बसते, हेही आवर्जून विचारा.