उशिराचं व्याज

रात्रपाळी उरकून थेट इथं आलेल्या डॉक्टर, परिचारिका बंधू-भगिनींनो,

नागपूरकरांच्या वतीनं आपलं मनःपूर्वक स्वागत. सेप्सिसवरच्या परिषदेला स्वागताध्यक्ष म्हणून धान्याचा अडत्या कशाला, असं आपल्याला वाटलं असेल. मलाही वाटलं. मग माझी खतावणी आठवली.

आमच्या दुकानातल्या एका हमालाला पोती उचलताना हातात आकडा लागला. त्यानं हळद दाबली न् कामाला लागला. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, चौथ्या दिवशी तो बरळू लागला. ‘सेप्टिक झालंय,’ एवढंच घरच्यांना कळलं. ११ दिवस आयसीयू. माणूस वाचला, पण दुभती म्हैस विकली गेली, बायकोचं डोरलं गहाण पडलं आणि त्याला पुन्हा पोतं पेललं नाही. त्याच्या नावची उचल माझ्या वहीत अजून उभी आहे.

जगाची वहीही अशीच आहे. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजानुसार १९९० मध्ये सेप्सिसचे सुमारे ६ कोटी रुग्ण होते आणि १ कोटी ५७ लाख मृत्यू. २०१७ मध्ये रुग्ण ४ कोटी ८९ लाख, मृत्यू १ कोटी १० लाख. देणं घटलं, फिटलं नाही. जगातल्या पाच मृत्यूंपैकी एकात सेप्सिस आहेच. दाखल्यावर मात्र अनेकदा न्यूमोनिया किंवा अवयव निकामी झाल्याची नोंद होते. सेप्सिस नामानिराळा राहतो.

हे देणं वेळेत कसं फेडायचं, ते आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीनं दाखवलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं, की बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं, तर थांबायचं नाही. घरीच औषध आणि इंजेक्शन सुरू झालं. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकी आधी सुमारे १७ दगावत, ती संख्या ३ वर आली. सावकारी व्याज पैशांवर चढतं, हे व्याज तासांवर चढतं. ते थांबवायची जागा आयसीयूच्या बरीच अलीकडे आहे. आपल्या चर्चेत ती यावी, एवढीच या अडत्याची विनंती.

व्यवस्थेत उणं राहिलं तर सांभाळून घ्या. सावजी रस्सा मात्र बेतानं घ्या. आणि सकाळी नोंदणीच्या टेबलावर ज्यानं आपल्याला बिल्ले दिले, तो आमचा तोच हमाल. त्याला विचारूनच हे सांगितलं. पोतं नाही, पण बिल्ला त्याला पेलतो.